अक्षर माझं, मजकूर त्यांचा

"अक्षर माझं, मजकूर त्यांचा." हातावरचा खडू झटकत आमचे फळेवाले काका हे वाक्य दिवसातून चारदा म्हणायचे, कुणी विचारो न विचारो.

कळव्यात आमच्या चौकात मंडळाचा काळा फळा आहे. तुमच्याही चौकात असेल, बघा आठवून. पाणी कधी येणार नाही, कोण वारलं, कुणाची मुलगी दहावीला चमकली आणि आमचे साहेब किती थोर, सगळं त्याच्यावर. काका पूर्वी वागळे इस्टेटमध्ये पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. मग मंडळाने त्यांना फळा दिला. सकाळी सातला स्टूल, लाकडी पट्टी आणि ओलं फडकं घेऊन हजर. काय अक्षर होतं हो! 'पाणीकपात'सुद्धा लग्नपत्रिकेतल्यासारखं दिसायचं. भाजीची पिशवी हातात घेऊन मी मुद्दाम वाचत थांबायचे.

एकदा साहेबांनी पक्ष बदलला. ज्या नेत्याला काकांनी सोमवारी 'गद्दार' लिहिलं, त्याचंच मंगळवारी 'हार्दिक स्वागत'.

मी म्हटलं, "काका, काल गद्दार, आज हार्दिक? हात कसा चालतो तुमचा?"

"अगं, पोस्टमन पत्र वाचत बसतो का? अक्षर माझं, मजकूर त्यांचा."

हसले. मीही हसले. तेव्हा असलं सगळं हसण्यावारी जायचं.

मग ती मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. जो तो मोबाइलवर वाचत होता आणि पुढे ढकलत होता. खरं सांगते, तोवर आमचा अर्धामुर्धाच विश्वास होता. एका सकाळी मंडळाच्या अध्यक्षांनी कागद दिला आणि काकांनी तो फळ्यावर उतरवला. 'सावधान! धार लावण्याच्या बहाण्याने मुले पळविणारे परिसरात फिरत आहेत.' सावधान लाल खडूत, खाली दुहेरी रेघ. झालं! मोबाइलवरचं काय, कुणीही काहीही पाठवतं, पण फळ्यावर आलं म्हणजे कुणीतरी खात्री केली असणार, असं सगळ्या चौकाला वाटलं. मलाही वाटलं.

धारवाला आमचा नेहमीचाच. खडवलीहून यायचा, सायकलला धार लावायचा दगड बसवलेला. माझ्या विळीला वर्षानुवर्षं त्यानेच धार लावलेली. त्या दिवशी दुपारी तो बिल्डिंगखाली शेजारणीच्या मुलीशी काहीतरी बोलत होता. आईला विचारून ये, सुऱ्या-कात्र्या आहेत का, असंच म्हणत असणार, दुसरं काय? पण मी गॅलरीतून बघितलं आणि ओरडले, "अरे, पकडा त्याला! फळ्यावरचा तोच हा!" मी ओरडले. दुसरं कुणी नाही.

पुढचं सांगवत नाही. पोलीस येईपर्यंत त्याचा उजवा हात मोडला होता. दोन दिवसांनी पोलिसांनीच सांगितलं, टोळी वगैरे काही नाही, हा माणूस साधा धारवाला आहे. हात काही नीट जुळला नाही त्याचा. परत तो कधी आला नाही.

काका तडक अध्यक्षांकडे गेले. "उद्याच्या फळ्यावर लिहितो, परवाचं खोटं होतं म्हणून."

"खोटं कसं, काका? लोकांनी जागं राहावं एवढाच आपला हेतू. आणि मंडळच चुकलं म्हटल्यावर उद्या आपलं कोण ऐकणार?"

काकांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणाचाही कागद न घेता लिहिलं, 'धारवाला निर्दोष आहे. तो मजकूर खोटा होता.' पट्टी न धरता लिहिलेलं, ओळ वाकडी गेलेली. अर्ध्या तासात ते पुसलं गेलं. फळाही त्यांच्याकडून काढून घेतला.

मग हा माणूस दारोदार फिरायला लागला. आमच्याकडे लिफ्ट कुठली! गुडघ्यावर हात टेकत जिने चढायचे, बेल वाजवायचे. "फळ्यावरचं ते खोटं होतं. मीच लिहिलं होतं. एवढंच सांगायला आलो." लोक म्हणायचे, "असेल हो काका, पण सावध राहिलेलं बरं." कुणी म्हणायचं, "आग असल्याशिवाय धूर निघतो का?" आणि दार लावून घ्यायचं.

माझ्याकडे आले तेव्हा धापा टाकत होते. खुर्चीत बसून पाणी प्यायले.

"खडवलीला जाऊन आलो," म्हणाले. "त्याने मला चहा पाजला गं. डाव्या हाताने कप दिला. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी रिकामा पेला उचलून ओट्यावर ठेवला.

"प्रचार म्हणजे लोकांना खोटं सांगायचं, असं मला वाटायचं. तसं नसतं. भीती लोकांच्या मनात आधीच असते. कुणीतरी चांगल्या अक्षरात लिहून दिली की ती खरी वाटते, एवढंच. ते मी केलं." मग म्हणाले, "वरून कुणी बाई ओरडली म्हणे. तिला कुणी बोल लावू नये. तिने नुसतं वाचलं होतं." आणि त्या म्हाताऱ्याने माझ्यापुढे हात जोडले. "तूही वाचलं असशील. मला माफ कर, बाई."

सांगायचं होतं हो, अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "असू दे, काका. माफ केलं."

ते उठले. अजून दोन मजले राहिलेत म्हणाले आणि जिना चढायला लागले.

मागच्या वर्षी काका गेले. खडवली आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मी अजून गेलेली नाही.