कार्डावरची खिटी

आमच्या वहिनीचं पोट कुलपांवर चालतं आणि घराचं दार मात्र ती कायम सताड उघडं टाकते. चाव्या कधी फ्रिजमध्ये सापडतात, कधी बुटात. बाबा होते तोवर ते रोज ओरडायचे. ती "हो हो" म्हणायची आणि जागची हलायची नाही.

तिची कुलपं वेगळी. मशीन आणि त्यातलं मेमरी कार्ड यांच्यामध्ये बसून दोघांचा व्यवहार बघणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ती लिहिते. कार्डाच्या कडेला एक बारीक खिटी असते. ती सरकवली की त्यावर नवीन लिहायचं नाही, जुनं पुसायचं नाही.

"पण खिटी स्वतः काही अडवत नाही," वहिनी सांगते. "ती नुसती सांगते. मशीनने ऐकायला हवं. ते ऐकायला लावणं हे माझं काम."

घरात तिचं कोणी ऐकत नाही, पण मशिनं ऐकतात म्हणे.

आईकडे असंच एक कार्ड होतं. त्यात बाबांचं गाणं होतं. बाबा भीषण गायचे, पण ते गेल्यावर आई रोज तेच ऐकायची. मग जुना रेकॉर्डर बिघडला आणि कार्ड डब्यात गेलं. त्याची कॉपी करायची तरी ते कुठल्यातरी मशीनमध्ये घालावंच लागणार, आणि आई ते हातात द्यायला तयार नव्हती. "पुसलं गेलं तर त्यांना मी कुठून आणू?" ती म्हणायची.

एका रविवारी वहिनी नव्या प्लेअरचं सर्किट जेवणाच्या टेबलावर पसरून बसली होती. त्यासाठी लिहिलेला तिचा ड्रायव्हर ऑफिसातल्या चाचणीत पास झाला होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती. आईने डबा आणून तिच्यापुढे ठेवला.

"तुझं मशीन ऐकतं ना? मग घाल."

वहिनीने कार्ड उचललं, खिटी सरकवली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"आई, आठवडाभर थांबता का?"

"का गं? पास झालाय ना?"

"ऑफिसात मी कोरी कार्डं घालते हो. पुसलं तर पुसलं."

"पाचावर धारण बसली!" मी म्हटलं.

"बसली," ती म्हणाली. चेष्टा वाया गेली.

मग आठवडाभर तिने त्या मशीनचा पिच्छा पुरवला. मध्येच वायर उपटली, कोरं कार्ड काढलं, घातलं, मशीनला झोपवलं, उठवलं. आणि तिथेच चोर सापडला! कार्ड घालताना मशीन खिटी नीट बघायचं, पण डुलकी काढून उठलं की विसरायचं आणि त्याच कार्डावर खुशाल लिहायचं. म्हणजे कार्ड आमच्या दारासारखंच सताड उघडं. पास झालेलं काम चुकलंय हे तिने स्वतःच जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. तिने ड्रायव्हर दुरुस्त केला. आता मशीन उठलं की आधी खिटी बघतं.

पुढच्या रविवारी कार्ड आत गेलं. आईने माझा हात घट्ट धरला होता. आधी खरखर आली, मग बाबांची ती भयंकर तान. मला रडू आलं आणि हसूही. आई मात्र वहिनीकडेच बघत होती. पुढे काय येणार हे तिला पाठ होतं.

तान मध्येच तुटली. "अहो सूनबाई, दार उघडंच आहे! लावा की!"

"हो हो," वहिनी म्हणाली, आणि उठली. दार खरंच सताड उघडं होतं. तिने ते लावलं, कडी घातली, आणि कडीवरचा हात बराच वेळ काढलाच नाही.