अक्काने नाकारलेली बारूद

फोन आला तेव्हा मी आळंदच्या माझ्या कापडदुकानात गिऱ्हाइकासमोर धोतरजोड्या पसरून बसलो होतो. आमच्या गावचा, निर्ण्याचा शेजारी बोलत होता. "बंदूक फुटली रे. अक्काला लागलंय. कलबुर्गीला न्यायलेत, तू सरळ तिकडंच ये." मी पोचलो तेव्हा अक्काच्या अंगावर चादर ओढलेली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी आली, बंदुकीची चाचणी घेताना महिलेचा मृत्यू. एवढंच. ज्याने वाचलं त्याने मान हलवली असेल, बाईमाणसाला नसती हौस म्हणून पान उलटलं असेल. माझी थोरली बहीण सुवर्णा चाचणी घेताना मेली नाही. तिने त्या बारुदीला नको म्हटलं होतं, माझ्यासमोर म्हटलं होतं, आणि ज्याला म्हटलं त्याने ते ऐकलं नाही. काही आठवडे गेले की राग निवतो म्हणतात... माझा निवलेला नाही. तेव्हा हे लिहिणं शांत डोक्याचं असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

अक्का कलबुर्गीत बी. एस्सी. झाली, हुमनाबादच्या शाळेत काही वर्षं विज्ञान शिकवायची. नवरा लवकर गेला. त्याच सुमाराला आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, दिसेनासं झालं आणि ती नोकरी सोडून निर्ण्याला आली, तूर-ज्वारीचं रान तिने हातात घेतलं. अप्पांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर गोळी ठेवायची आणि गजाने ठासून बसवायची. तो परवाना आपल्या नावावर करून घ्यायला ती कचेरीत गेली, मी सोबत होतो. तिथला माणूस माझ्याकडे बघत तिला म्हणाला, "बाई, तुमाला बंदूक कशाला? घरात भाऊ न्हाई का?" अक्का म्हणाली, "भाऊ हाय की. त्याला नेम न्हाई." खरंच होतं ते. मी कापड मोजणारा माणूस.

तिला तरी नेमाचं एवढं वेड का लागलं, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे रानडुकरं तुरीत शिरली की सकाळी रान रोटावेटर फिरवल्यासारखं दिसतं. कुणीतरी अंदाजाने गोळी घातली, डुक्कर जखमी होऊन ओढ्यातल्या झुडपात पडून राहिलं आणि सरपणाला गेलेल्या एका बाईची मांडी त्याने फाडली. ती बाई वाचली, पण अजून लंगडते. अक्का त्या दिवशी जनावर बघायला ओढ्यात उतरली होती. ते तडफडत होतं, आणि ज्याने गोळी घातली तो घरी जेवत होता. घरी आल्यावर ती म्हणाली, "मारायचं तर परवानगी काढून, एका गोळीत. जमत न्हाई तर नुसता बार काढून हाकलायचं. अर्धवट काम करायचं न्हाई." त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात, रास होऊन रान मोकळं झालं की ती नेम तपासायला बसायची.

मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण बघायला आवडायचं. माझ्याच दुकानातलं पांढरं मांजरपाट बांधाला ताणून त्यावर कोळशाने गोल काढायचा. वाळूच्या पोत्यांवर बंदूक टेकवायची. गोळ्या तिने स्वतः ओतलेल्या, सोनाराच्या काट्यावर तोललेल्या. बारूद पितळी मापाने, काठोकाठ आणि सपाट. प्रत्येक बारानंतर नळीतून ओलं फडकं फिरवायचं, मग कोरडं, मगच पुढचा बार. गोळ्या कापडावर कुठं कुठं लागल्या ते बघून ती बारूद जराशी कमी करायची, नाहीतर गोळीभोवतीची चिंधी पातळ करायची. दोन्ही एकदम कधीच नाही. मी एकदा कंटाळून म्हटलं, "अक्का, दोनी करून बघ की, कामून येळ घालवायलीस?" ती म्हणाली, "दोनी बदललं आन नेम सुधारला, तर कशानं सुधारला ते तू सांगणार हाईस का मला?" दुपार उलटेपर्यंत असं चालायचं. आमची अव्वा, म्हणजे आई, सोप्यात बसून पुटपुटायची की लोकांच्या पोरी भरतकाम करतात आणि आमची शिसं वितळवायलीय. अव्वाला त्या बंदुकीचा मनापासून तिटकारा होता. बंदूक ठेवलेल्या कोनाड्याकडे ती तोंड करून बसायचीसुद्धा नाही.

हळूहळू लोक आपापल्या बंदुका घेऊन अक्काकडे यायला लागले. दुबलगुंडीहून यायचे, पार आळंदच्या बाजूने यायचे. अक्का काही गोड स्वभावाची नव्हती. नळीत गंज दिसला की शाळेतल्या पोरांना झापावं तशी म्हाताऱ्यांना झापायची, पिऊन आलेल्याला पायरीवरून परत पाठवायची. पण बंदूक तपासून, माप बसवून द्यायची.

सिद्रामप्पांचं रान आमच्या रानाला लागून. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि ते त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या पुतण्याने त्यांना फोनवर परदेशातले व्हिडिओ दाखवले. तिकडे ठासणीच्या बंदुकीतच बिनधुराची बारूद घालतात, धूर नाही, घाण नाही, गोळी लांबवर अचूक जाते. मग तालुक्याच्या एका दुकानदाराने त्यांना तसली बारूद मिळवून दिली. जुन्या काडतुसांतून काढलेली असावी. कुठल्या बंदुकीत घालणार, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. त्या माणसाबद्दल मी इथं जे लिहायला हवं ते छापता येणार नाही.

सिद्रामप्पा पुडी घेऊन आमच्या घरी आले तेव्हा मी सणाला निर्ण्यालाच होतो. "सुवर्णा, ह्याचं माप बसवून दे," म्हणाले. अक्काने चिमूटभर बारूद तळहातावर घेतली, बारीक चकत्या होत्या. तिने अंगणात एका कौलाच्या तुकड्यावर आपली नेहमीची काळी बारूद आणि दुसऱ्यावर ही, अशी ठेवून काडी लावली. काळी फस्सकन उडून धुराचा लोट झाला. ही मात्र पिवळ्या ज्योतीने सावकाश जळली. सिद्रामप्पा हसले. "ही तर मवाळ हाय की. ह्याच्यात भ्यायासारखं काय हाय?"

"तीच तर फसगत हाय, काका," अक्का म्हणाली. "भाईर मोकळ्यावर सावकाश जळायलीय. नळीत कोंडली की दाब असा वाढतो की तुमची नळी फाटंल. व्हिडिओतल्या त्या बंदुका ह्याच बारुदीसाठी जाड पोलादाच्या बनविल्यात. तुमची बंदूक आज्याच्या काळातली हाय."

"थोडी घालतो मग."

"थोडीबी न्हाई. ह्याला माप नसतंय. मी बसवणार न्हाई, आन तुमी भरायची न्हाई."

सिद्रामप्पांनी पुडी उचलली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "शिकलेल्या बायांला समदीकडं भ्याच दिसतंय." तेव्हा ते काका म्हणून, मोठे म्हणून मी गप्प होतो. अक्का मात्र दारापर्यंत त्यांच्यामागे गेली आणि परत एकदा तेच बोलली, शब्दाला शब्द.

पुढचं मला काशीबाईने सांगितलं. काशीबाई आमच्या रानात कामाला असते. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, सकाळची वेळ होती. बांधापलीकडे सिद्रामप्पा बंदूक ठासायला लागलेले अक्काने पाहिले. त्यांच्या हातातली पुडी तिने ओळखली आणि हातातलं खुरपं टाकून ती तिकडे निघाली. काशीबाईला वाटलं नेहमीचं बांधाचं भांडण असेल, म्हणून तीही मागून गेली. अक्का म्हणत होती, "काका, ते काढा. मी काढून देते, बंदूक खाली ठेवा." सिद्रामप्पा म्हणाले, "काय होत न्हाई ते आता तूच बघ." अक्काने त्यांच्या मनगटाला हात घातला. त्यांनी तो झटकला, बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला. नळी मागच्या बाजूने, घोड्याजवळच फाटली. त्यांचा अंगठा आणि दोन बोटं गेली. पत्र्यासारखा एक तुकडा अक्काच्या मानेत शिरला. काशीबाई म्हणाली, "धूर मातर खरंच न्हवता, अण्णा. समदं लख्ख दिसत व्हतं." ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

आणि मग पंचनाम्यात आलं की अक्का बंदूक तपासत होती. सांगणारा तो पुतण्या. सगळ्यांना ते पटलंही, कारण ती सगळ्यांच्या बंदुका तपासायचीच. तिने इतकी वर्षं जी काळजी घेतली, तीच तिच्याविरुद्ध साक्ष म्हणून वापरली गेली. अक्काच्या आराधनेला, दिवसांच्या जेवणाला, सिद्रामप्पांच्या घरचे नारळ घेऊन आले. मी त्यांना ओसरीवर चढू दिलं नाही. वडीलधारे मला समजावायला लागले, "आजच्या दिवशी नको, झालं गेलं." तेवढ्यात पंगतीला पाणी वाढणारी काशीबाई तांब्या खाली ठेवून उभी राहिली. "अक्कानं भरली न्हवती बंदूक," ती म्हणाली. "अक्का नको नको म्हणायलती. मी ऐकलंय. पोलिसाम्होरं बी सांगते, मग मला कामाला कुणी बोलावलं न्हाई तरी चालंल." जेवणारे हात थांबले. पुतण्या नारळ तिथंच ठेवून निघून गेला.

तिने सांगितलं, लेखी दिलं. कागद बदलला, सिद्रामप्पांवर गुन्हा लागला, तारखा पडायल्यात. दुकानदार थोडे दिवस शटर ओढून बसला होता, आता परत उघडलंय. पेपरात दुसरी बातमी आली नाही. आणि गाव आता म्हणतं, अक्का म्हणत होती ते खरं होतं बघा. मला ह्या कौतुकाचीच जास्त चीड येते. ती जिवंत असताना तिचं म्हणणं खरंच होतं. ते कौलावर जळत असताना खरं होतं. तिने हात धरला तेव्हाही खरं होतं. बाईच्या तोंडून आलं म्हणून ते खरं ठरायला तिला मरावं लागलं, आणि हे म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही.

गेल्या आठवड्यात मी निर्ण्यालाच होतो. दुबलगुंडीचा एक शेतकरी मोटारसायकलवरून आला, पायरीशी चप्पल काढून म्हणाला, "अक्का हायत का? जरा दाखवायचं व्हतं." त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या हातात तसलीच पुडी होती. अव्वा सोप्यातून उठली, भिंतीला धरत बाहेर आली. तिने पुडी उघडून नाकाजवळ नेली, चकत्या बोटांत चुरून बघितल्या. एवढी वर्षं बंदुकीकडे पाठ फिरवून बसलेल्या अव्वाला ते कसं कळलं, मला सांगता येणार नाही.

"कुटनं आणलास?" तिने विचारलं.

त्याने त्याच दुकानाचं नाव सांगितलं.

अव्वाने सगळी पुडी गुरांच्या शेणाच्या पाटीत ओतली, वर तांब्याभर पाणी घातलं आणि हाताने कालवलं. मग हात धुऊन त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "अक्का न्हाई आता," ती म्हणाली. "तुझ्या गावात अजून कुणी कुणी घेतलंय हे? नावं सांग. आन ऊठ, आपण त्यांच्याकडं जाऊ."

तिने कोपऱ्यातली काठी घेतली आणि त्याच्या आधी पायऱ्या उतरायला लागली.