आईच्या स्वयंपाकघराला रंग

आई अलीकडे माणसांची नावं विसरायची, पण स्वयंपाकघरात तिचा हात चुकत नसे. ते काळवंडलेलं, तेलकट स्वयंपाकघर जरा उजळ करावं, असं आम्हा भावंडांना फार वाटे. नवं फर्निचर परवडणारं नव्हतं. म्हणून भावानं आणि मी जुन्याच कपाटांना पांढरा रंग दिला, हँडलं बदलली, ओट्यामागे स्वस्तातल्या टाइल्स लावून घेतल्या. हे सगळं होईपर्यंत आई मावशीकडे होती.

परत आली तेव्हा ती दारातच थांबली. मग पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला टेकली. डबे जिथल्या तिथे होते, पण तिचा हात एकाही डब्याकडे गेला नाही. मी नुसती बघत उभी राहिले. माणूस आपलं घर कशावरून ओळखतो, कुणास ठाऊक. भिंतीवरच्या त्या तेलकट डागांना धरूनच ती इतके दिवस आमच्यात टिकून होती की काय, असं मला वाटत राहिलं.

मी चहा केला. तिनं संकोचून कप घेतला.

"छान आहे हो तुमचं स्वयंपाकघर," ती म्हणाली. "माझी मुलगीही मला असंच करून देणार आहे."