शेजारच्या काकांनी केलेलं बाहुलीघर

काल लेकीच्या शाळेच्या कामासाठी गोंदाची बाटली उघडली आणि त्या वासाने मला आमच्या देवळी गावातली शेजारच्या काकांची ओसरी आठवली. काका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, एकटेच राहायचे. शाळेच्या स्पर्धेसाठी त्यांनी मला बुटांच्या खोक्याचं बाहुलीघर करून दिलं होतं. त्याला आइस्क्रीमच्या काड्यांचा जिना होता, फुटक्या बांगड्यांच्या खिडक्या होत्या आणि आत कापसाची इवलीशी गादी. स्पर्धेच्या सकाळी मी ते न्यायला गेले, तर काका त्याच्यासमोर बसून होते. "आज राहू दे पोरी, उद्या नेजो," ते म्हणाले. "पण स्पर्धा आजच हाय, काका." त्यांनी ते आणखी जवळ ओढून घेतलं. मी रडत घरी आले. आई त्यांना चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं, पण माझी वेणी घालता घालता ती हळूच म्हणाली, "राहू दे त्याइच्यापाशी. त्याइची पोरगी तुयाएवढीच होती." होती म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. संध्याकाळी काका बाहुलीघर घेऊन आमच्या दारात आले, तेव्हा मी "आता मले नको" म्हणून तोंड फिरवलं. ते घेऊन काका परत गेले. मी रागावले होते की घाबरले होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही.