माझ्यापुरतं पाणी

मी आरोग्य खात्यात होतो असं सांगितलं की लोक आपापली दुखणी काढून बसतात. मी डॉक्टर नव्हतो. नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत मुरबाड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर मी आरोग्य सहाय्यक होतो, आणि माझं काम म्हणजे विहिरी, टाक्या आणि हॉटेलं. विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडते की नाही, हॉटेलातल्या माणसांची नखं कापलेली आहेत की नाही, भजी झाकलेली आहेत की उघडी, हे सगळं बघायचं आणि रजिस्टरात शेरा लिहून खाली सही ठोकायची.

घर माझं माळशेज घाटाच्या वर, जुन्नरकडे. बायको, दोन मुलं आणि वडील तिकडे, मी इकडे पत्र्याच्या एका खोलीत. महिन्यातून दोनदा एसटीनं घाट चढायचो. उरलेले दिवस बोलायचं कुणाशी, हाच प्रश्न. तपासणी करणाऱ्या माणसाशी कोणी गप्पा मारत नाही. मी हॉटेलात पाऊल टाकलं की मालक फडकं शोधायला लागे आणि गिऱ्हाइकंसुद्धा, त्यांनी बिचाऱ्यांनी काही केलेलं नसताना, सावरून बसत. मला त्याचा संताप यायचा. अरे, मलाही भूक लागते, मीही जेवायलाच आलोय!

अपवाद एकच होता. मुरबाडहून शहापूरकडे जाताना एका फाट्यावर एका बाईचं हॉटेल होतं. चार टेबलं, मागे विहीर, पुढे वडा-भजी आणि आत राइसप्लेट. नवरा गेल्यावर ती एकटीच ते चालवत होती. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. तिच्याकडे वालाचं बिरडं असायचं, सुकटीची चटणी असायची, आणि मी घाटावरचा म्हणून आठवड्यातून एकदा ती माझ्यासाठी बाजरीची भाकरी थापायची. भाकरी जाड व्हायची, कडेला फाटायची. मी ती मुकाट्यानं खायचो आणि मला घरची आठवण जास्तच यायची.

माझ्यासमोर रोज दुपारी फाट्यावरचे गिरणीवाले काका बसायचे. भुवयांवर पीठ, आणि आयुष्यभर गिरणीच्या आवाजात राहिल्यामुळे कानानं जरा कमी. आमचं बोलणं फारसं होत नसे. पण ते रोज माझ्यासाठी बाकावर जागा ठेवत. कुणी तिथे बसायला लागलं तर हातानं खूण करून उठवत. परमुलखात आपली जागा कोणीतरी धरून ठेवतं याचं मला केवढं अप्रूप होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. पाण्याची तपासणी सोपी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात ओटी नावाच्या औषधाचे दोन-चार थेंब टाकायचे. पाण्यात पावडर असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं. बाकीचे आरोग्य सहाय्यक नमुना हॉटेलच्या पिंपातून घेत. मी म्हणायचो, पिंपाचं काय घेऊन बसलात, माणसाच्या तोंडात जातं ते पाणी बघा. म्हणून मी जिथे बसेन तिथे माझ्यापुढे ठेवलेल्या तांब्यातलं पाणी नळीत घ्यायचो. मावशीच्या हॉटेलात ते दर वेळी छान पिवळं व्हायचं. मी नळी उजेडात धरून काकांना दाखवायचो. काका विचारायचे, "पास?" मी म्हणायचो, "पास!" आणि रजिस्टरात लिहायचो, पाणी तपासले, योग्य. चार वर्षं मी हे लिहिलं. तालुक्याच्या बैठकीत या हॉटेलचं उदाहरण म्हणून नाव घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

एका श्रावणात फाट्याजवळच्या पाड्यांवर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांत आमच्या केंद्रातल्या खाटा भरल्या, माणसं खाली सतरंजीवर झोपवली. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्या काकांना बैलगाडीतून आणलं. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आमच्या डॉक्टरांनी एकेकाला विचारलं, कुठे जेवलात, कुठे पाणी प्यालात. सगळ्यांचं बोट मावशीच्या हॉटेलकडे.

"शक्य नाही," मी म्हणालो. "तिथलं पाणी मी स्वतः तपासतो. मी स्वतः रोज तिथे जेवतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तेच म्हणतोय. मग तुम्हाला कसं काही झालं नाही?"

मी सायकल काढली आणि फाट्यावर गेलो. हॉटेलात दोन-तीन माणसं होती. मी माझ्या जागेवर बसलो, मावशीनं तांब्या ठेवला. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पिवळं झालं. मग उठून शेजारच्या टेबलावरचा तांब्या घेतला. थेंब टाकले आणि वाट बघत राहिलो. पाणी तसंच राहिलं. दुसऱ्या टेबलावरचं घेतलं, तेही तसंच.

"मावशी, हे पाणी वेगळं आणि माझं वेगळं?"

"येगळंच हाय ना," ती सहज म्हणाली. "तुमचा माठ चुलीमागं हाय. त्यात औषध टाकतंय मी रोज."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना हिरीतलं, काकांना पन. औषधाचा वास आला का मानसं चा पीत नाय सायेब. सुरवातीला टाकलेला मी पिंपात, तर सगली तशीच उठून गेली."

"मग माझ्याच माठात का टाकता?"

तिला प्रश्नच कळेना. "तुमाला आवडतं ना ते. पयल्या दिवशी नळीत पिवळा रंग आला नि तुमी किती हसले. मी म्हटलं, सायेब घाटावरचे, त्यांना असंच पानी लागत असंल. म्हनून तुमच्यापुरतं येगळं ठेवलं."

फसवणूक असती तर मला भांडता आलं असतं. जशी तिनं माझ्यासाठी बाजरी आणली, तसंच हे पाणीही ठेवलं होतं. पाहुण्याची आवड म्हणून. पावडर कशासाठी टाकायची हे मी तिला चार वर्षांत एकदाही धड बसून सांगितलं नव्हतं. फक्त टाका म्हणून दरडावलं होतं.

केंद्रावर परत आलो तेव्हा काकांना जरा हुशारी आली होती. सलाइन चालू होतं. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, माझं पाणी वेगळं असायचं, तुम्हाला माहीत होतं?"

"सगल्यांनाच म्हाईत," ते म्हणाले.

"मग मला कधी सांगितलं नाही?"

"काय सांगनार? तुमी खुशीत असायचे." मग म्हणाले, "आमी म्हटलं, सायेब मानूस, ऱ्हाऊ द्या."

हे त्यांनी मायेनंच म्हटलं. पण ते मला लागलं, आणि ते शल्य आजही निघालेलं नाही. एका बाकावर बसून, एका भांड्यातलं बिरडं खाऊन मी समजत होतो की मी त्यांच्यातला झालो. ते चार वर्षं माझं कौतुक सांभाळत होते आणि मी त्यांच्यात कधी नव्हतोच.

संध्याकाळी डॉक्टरांनी अहवाल लिहायला बसवलं. त्यांनी मला सरळ सांगितलं, "मालकिणीनं तपासणीसाठी वेगळं पाणी ठेवून दिशाभूल केली, एवढं एक वाक्य घाला. तुम्ही सुटाल." ते वाक्य अगदीच खोटंही नव्हतं, पाणी वेगळं होतंच. पण त्या वाक्यानं हॉटेल कायमचं बंद झालं असतं, वर पोलिसांचं लचांड. आणि ते वाक्य नसेल तर चार वर्षांच्या प्रत्येक शेऱ्याखाली माझीच सही. मी दोनदा कागद फाडला. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो. शेवटी लिहिलं की नमुना मी एकाच ठिकाणचा घेत आलो, पिंप आणि विहीर तपासली नाही, चूक माझी. डॉक्टर म्हणाले, "तुमची मर्जी." मला मेमो मिळाला आणि सेवापुस्तकात हलगर्जीपणाची नोंद झाली. हॉटेल विहिरीचा उपसा होईपर्यंत बंद राहिलं, एवढंच. सुदैवानं त्या साथीत कोणी दगावलं नाही.

हे सगळं मी चांगुलपणानं केलं असं कोणी समजू नये. मला ते हॉटेल हवं होतं. दुपारी जाऊन बसायला या तालुक्यात मला दुसरी जागा नव्हती.

हॉटेल उघडलं त्या दिवशी मी आधी विहीर बघितली, पिंप बघितलं, चारी टेबलांवरचं पाणी बघितलं. सगळं ठीक होतं. मावशीला शेजारी उभं करून या वेळी नीट समजावूनही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग मी नळी पिशवीत ठेवली, हात धुतले आणि बाकावर जाऊन बसलो. काका समोर होते, अर्धे झालेले. त्यांनी मान हलवली. पलीकडच्या टेबलावर सरळगावच्या बाजूची चार माणसं जेवायला बसत होती. त्यांनी मला पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि उठून बाहेर पडली. मागोमाग आणखी एक जण दारातून परत फिरला. साथीपासून मी कोण हे आता आजूबाजूच्या गावांनाही कळलं होतं. मी दिसलो म्हणजे तिथे काहीतरी गडबड आहे.

मावशी पदराला हात पुसत आली. ताट आणलं नव्हतं.

"सायेब, राग नका धरू," ती म्हणाली. "तुमाला बांधून देऊ का? खोलीवर निवांत जेवा. तुमी हितं बसले का मानसं बसत नाय."

मी काकांकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे. ते खाली बघून भात कालवत होते. एक शब्द त्यांनी बोलावा म्हणून मी थांबलो, बराच थांबलो.

"बांधा," मी म्हणालो.

तिनं कागदात भाकऱ्या बांधल्या, चटणी निराळी दिली, बिरड्याला झाकणाचा डबा दिला. डबा उद्या आणला तरी चालेल म्हणाली. मी सायकलला पिशवी अडकवली आणि निघालो. वळणावर मागे बघितलं तेव्हा ती चार माणसं परत आत शिरत होती, आणि त्यातला एक जण माझ्या जागेवर बसत होता. काकांनी त्याला उठवलं नाही.