डोळे मिटा, डोळे उघडा

माझा मामा लिफ्ट तपासायचा. त्याने सही केली की मगच लिफ्ट पुढचं वर्षभर चालवता यायची. गुडघे कुरकुरत असले तरी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचा, दोर हाताने चाचपायचा, ब्रेकला कान लावायचा. लोकांनी घाई केली की ठणकावून सांगायचा, "डोळे झाकून सही आपल्याकडे मिळत नाही. दुसरं दुकान बघा." त्याच्या ऑफिसात फॉर्म भरायचं काम माझं. फोनवरची बोलणी मीच खायची, म्हणून त्याच्या या ताठपणाचा मला भारी वैताग यायचा.

मग फॉर्म ऑनलाइन झाले, सहीसुद्धा. त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र काढायचं होतं. ओळखपत्राचा फोटो चढवला, मोबाइलवर आलेला आकडा टाकला, शेवटी राहिला व्हिडिओ. मामा इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसला. स्क्रीनवर आलं, डोळे मिटा, डोळे उघडा.

"अगं, हे काय! सही द्यायच्या आधी हा डोळेच मिटायला लावतोय!"

"मामा, मिट ना पटकन."

"जन्मात केलं नाही ते या वयात करू होय?"

तीनदा नापास झाला. नुसता डोळे वटारून बघत राहायचा! चौथ्यांदा जमलं तेव्हा आमची हसून हसून पुरेवाट झाली होती.

आठवड्याने बोटाएवढा पेनड्राइव्ह आला. त्यात मामाची सही. "पासवर्ड माझ्या कुठला लक्षात राहतोय," म्हणत त्याने तो चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी त्या पेनड्राइव्हलाच चिकटवली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

पुढे मामा तापाने फणफणला. त्यात एका सातमजली इमारतीच्या सेक्रेटरींचे फोनवर फोन. मुदत आज संपतेय, लिफ्ट बंद ठेवली तर म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? काय दुर्बुद्धी झाली मला! ड्रॉवर उघडला. दोन मिनिटांचं काम. मामाला सांगितलंही नाही. म्हटलं, बरा झाला की बघून येईल.

तो बरा व्हायच्या आत तिथला ब्रेक सुटला. पाचव्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये पाऊल टाकत होत्या. त्यांचा पाय मोडला तो मोडलाच.

मामाने मला एकच विचारलं, "ब्रेक बघितला होतास?" मी मान हलवली. नाही.

चौकशीला आम्ही दोघं गेलो. मामाचा परवाना जाणार की राहणार, ते तिथेच ठरायचं होतं. 'सही मी केली, मामाला माहीतही नव्हतं,' हे वाक्य मी रस्ताभर घोकत होते.

साहेबांनी छापलेला फॉर्म पुढे सरकवला. "सही तुमचीच?"

"माझीच."

"लिफ्ट बघून केलीत?"

मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही साहेब. डोळे झाकून केली."

परवाना गेला. मी शेजारच्याच खुर्चीत होते, मूग गिळून बसलेली. ते वाक्य मला अजून पाठ आहे.