मालिकेतली नवी सून

सात वाजताच्या मालिकेतली सून काल बदलली. म्हणजे नटी बदलली. सून तीच, नाव तेच, मंगळसूत्रही तेच. पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकत गेली, की यापुढे ही भूमिका अमुक करतील, आणि नवी मुलगी सरळ स्वयंपाकघरात शिरली. चहाचे कप कुठल्या फळीवर आहेत हे तिला शोधावं लागलं नाही. सासूनेही परवाचं भांडण तिच्याशी पुढे चालू केलं.

"ही कोण बया आणली?" आई काल म्हणाली होती. आज त्याच मुलीच्या रडण्यावर तिने डोळ्यांना पदर लावला.

मला एका जागी बसवेना. उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली. गेल्या महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. सातवीच्या वर्गातल्या कपाटाचं दार जरा उचलून धरल्याशिवाय किल्ली फिरत नाही, हे माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी म्हणाले होते, काही अडलं तर फोन कर. अजून तिचा फोन आलेला नाही.

जाहिराती लागल्या तशी मी आईसमोर जाऊन उभी राहिले. "आई, आधीची दिसायची कशी गं?"

आई विचारात पडली. "चांगली होती," ती म्हणाली. एवढ्यात मालिका पुन्हा सुरू झाली.

"जरा बाजूला हो गं. दिसत नाहीये."